साष्टीचा इंग्रज पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स



बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे असो, वसईतील एखादे जुने धर्मग्राम असो की पुण्यातील नवी वसाहत असो, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. तुम्ही मूळचे कुठले? शाळेत मुलाचे नाव घालताना, भाड्याने घर पाहताना, नव्या कचेरीत रुजू होताना नाव ऐकून समोरची व्यक्ती क्षणभर थांबते आणि मग आपल्या मराठीचे कौतुक करते. कौतुक करणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. परंतु ज्याच्या चार पिढ्या याच मातीत निजल्या आहेत, त्याला ते कौतुक बोचते. आपल्या मातृभाषेबद्दल शाबासकी मिळणे याचा अर्थ ती आपली मानली जात नाही, एवढाच होतो.

या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही आज अशा एका व्यक्तीचे जीवन वाचकांपुढे ठेवीत आहोत, जी खरोखरच परदेशातून आली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी साहित्याच्या इतिहासात आदराने घेतले जाते. 'क्रिस्तपुराण' या ग्रंथाचे कर्ते म्हणून शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतात. मात्र हा माणूस कोण होता, कोणत्या देशाने त्याला पारखे केले आणि कोणत्या लोकांत तो मिसळला, हे फारसे सांगितले जात नाही.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील लंडनमधील व्यापारी होते. घरची स्थिती चांगली होती आणि मुलाला शिक्षणही उत्तम मिळाले. तथापि तो काळ इंग्लंडमधील कॅथोलिक कुटुंबांना कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राजवटीत मिस्सा करणे आणि मिस्सेला उपस्थित राहणे हा अपराध ठरला होता. तरुण थॉमसची मैत्री थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथोलिक सद्गृहस्थाशी जडली. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे आणि येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरविले. निघण्यापूर्वीच पाउंड यांना अटक झाली आणि त्यांच्या आयुष्याची पुढील अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निघाले आणि १५७५ साली रोम येथे येशूसंघात दाखल झाले. आपल्या बंदिवान मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी रोममध्ये वरिष्ठांकडे रदबदली केली आणि ती मान्य झाली.

एखादा माणूस स्वतःचा देश का सोडतो, याची कारणे सर्व काळांत सारखीच आढळतात. कुणी पोटासाठी सोडतो, कुणी जिवाच्या भयाने, तर कुणाला एखादे कार्य बोलावीत असते. स्टीफन्स यांच्या बाबतीत दुसरे व तिसरे कारण एकत्र आले होते. ते मायदेशी राहिले असते तर काय घडले असते, याची कल्पना एडमंड कॅम्पियन यांच्या जीवनावरून येते. तेही इंग्रज, तेही येशूसंघीय. ते इंग्लंडला परतले आणि १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये त्यांना राजद्रोही म्हणून देहान्त शासन देण्यात आले. १५८५ च्या कायद्याने तर इंग्लंडमध्ये येशूसंघीय असणे हाच राजद्रोह ठरला. ज्या देशात ते जन्मले, त्या देशाच्या लेखी स्टीफन्स यापुढे त्याचे राहिले नव्हते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे गलबत निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. साडेसहा महिन्यांचा हा प्रवास होता. गोव्यात पाऊल ठेवल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. समुद्रातील वारे, आफ्रिकेच्या टोकाला केपचा वळसा, न दिसणाऱ्या खडकांचे भय, हिरड्या सुजून माणसे आजारी पडणे, सभोवती उडणारे पक्षी यांचे वर्णन त्यात आहे. हे पत्र पुढे १५८९ मध्ये हॅक्लूट यांच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहात छापले गेले आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनी ते वाचले. मुलाने बापाला खुशाली कळवावी म्हणून लिहिलेले पत्र व्यापाऱ्यांना सागरी मार्गाचे टिपण म्हणून उपयोगी पडले.

स्टीफन्स पुन्हा कधीही इंग्लंडला गेले नाहीत. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला, नावानिशी ज्ञात असलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात.

त्यांचे कार्यक्षेत्र दक्षिण गोव्यातील साष्टी हा तालुका ठरले. चाळीस वर्षे, म्हणजे आयुष्याचा अर्ध्याहून अधिक काळ, त्यांनी बहुतांशी तेथेच घालविला. काही काळ ते तेथील येशूसंघाच्या महाविद्यालयाचे रेक्टर होते. पोर्तुगिजांनी त्यांचे नाव पाद्री तोमाश इश्तेव्हांव असे करून घेतले.

साष्टीची त्या वेळची स्थिती लपवून या थोर पुरुषाचे चरित्र सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील मंदिरे मोठ्या संख्येने पाडली होती. लोकांचे धर्मग्रंथ हिरावून घेतले जात होते. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. स्टीफन्स येऊन चार वर्षे होतात तोच, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. अकबर बादशहाच्या दरबारी तीन वर्षे राहून आक्वाव्हिवा नुकतेच गोव्यात परतले होते. ख्रिस्तसभेने १८९३ साली या पाच जणांना धन्यवादित म्हणून घोषित केले. त्याच कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांतील प्रमुख पुरुषांना पोर्तुगिजांनी नंतर बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले, हेही तितकेच खरे आहे. साष्टीत दोन्ही बाजूंच्या घरांत शोक होता आणि त्या घरांच्या मधोमध हा परका धर्मगुरू राहत होता.

परका हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. पोर्तुगीज गोव्यात इंग्रज माणूस संशयास्पदच होता. १५८० मध्ये पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाकडे गेले आणि त्या राजाचे इंग्लंडशी वैर होते. १५८३ अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी चार इंग्रजांना होर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणण्यात आले. ते हेर असावेत, असा आरोप होता. त्यांना जामिनावर सोडविण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. तुरुंगातील इंग्रज राणीचे प्रजाजन आणि बहुधा प्रोटेस्टंट होते. राणीच्या कायद्यापुढे स्वतः स्टीफन्स अपराधी होते. तरीही आपल्या भाषेत हाक मारणाऱ्या माणसाकडे ते धावले. देश तुटला तरी एवढा धागा उरतोच. त्यांपैकी तिघे पुढे गोव्यातून निसटले आणि फिच १५९१ साली लंडनला परतले. पूर्वेकडील व्यापाराची जी माहिती त्यांनी नेली, तिचा उपयोग १६०० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला झाला. त्या कंपनीचे इंग्रज पुढे दीडशे-दोनशे वर्षे येथे राज्य करूनही येथले झाले नाहीत, हे वाचकांना ठाऊकच आहे.

स्टीफन्स येथले कसे झाले? उत्तर साधे आहे. ते भाषा शिकले. साष्टीतील शेतकऱ्यांची आणि बायाबापड्यांची कोकणी ते शिकले आणि त्याबरोबर ज्या भाषेत पुराणे सांगितली जात, ती ग्रांथिक मराठीही शिकले. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, गोव्यात उतरल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, आपल्या भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी एक निरीक्षण नोंदविले की येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार कलकत्त्यात १७८६ साली मांडला आणि तो जगप्रसिद्ध झाला. साष्टीच्या पाद्रीला तो दोनशे वर्षे आधी सुचला होता.

कालमान लक्षात यावे म्हणून सांगतो. स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा धामणगाव बढेचा सारा वऱ्हाड मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता, कारण वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्येच बुडाली होती. १५९६ साली चांदबिबीने वऱ्हाड अकबराच्या हवाली केला. पैठणला संत एकनाथ ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते. ते काम १५८४ मध्ये पूर्ण झाले. राज्ये बदलत होती, पण वऱ्हाडापासून गोव्यापर्यंत ओवी मात्र एकच होती. कीर्तनात, जात्यावर, पुराणाच्या कट्ट्यावर तीच ऐकू येई. हा परदेशी माणूस त्या ओवीपाशी येऊन बसला.

त्यांच्यासमोर जो समाज होता, त्याची व्यथा 'क्रिस्तपुराणा'च्या प्रारंभीच आली आहे. रविवारी धर्मशिक्षणाच्या वेळी एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विचारतो की आमची जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? आम्हांला हा प्रसंग संपूर्ण ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विचारणारा स्नानसंस्कार घेतलेला आहे. श्रद्धा बदलली म्हणून संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून कथा ऐकण्याची सवय काही गेलेली नाही. मुलांना काय ऐकवायचे, हा त्याचा प्रश्न आहे. पहिल्या पिढीला जुने आठवत असते. दुसऱ्या पिढीला जुने नाही आणि नवे परक्या भाषेत आहे, अशी तिची दोहोंकडून उपासमार होते. घर सोडून परमुलखात गेलेल्या कोणत्याही कुटुंबात आजही हेच घडते. साष्टीच्या लोकांनी तर घर सोडलेही नव्हते. परमुलूखच त्यांच्या अंगणात चालून आला होता.

स्टीफन्स यांनी या प्रश्नाला १०,९६२ ओव्यांचे उत्तर दिले. पहिल्या पुराणात ४,२९६ ओव्यांत जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्तागमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची, म्हणजे जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्या पुराणात ६,६६६ ओव्यांत प्रभू येशूचे जीवन आहे. ग्रंथाचा आरंभ मराठी परंपरेप्रमाणे नमनाने होतो. स्वर्गाला वैकुंठ आणि प्रभू येशूला मोक्षराजा म्हणताना कवीची लेखणी अडखळत नाही. मराठी भाषेच्या थोरवीवर त्यांनी रचलेल्या ओव्या तर इतक्या प्रसिद्ध आहेत की त्यांचा पुनरुच्चार करण्याची गरज नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा अर्थ सांगताना त्यांनी काही सोडले नाही, पण ती श्रद्धा व्यक्त करण्यासाठी मराठी माणसाला पोर्तुगीज व्हावे लागेल, असे त्यांनी मानले नाही.

हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे, म्हणजे मराठीत ज्याला रायतूर म्हणतात तेथे, येशूसंघाच्या सर्व संत महाविद्यालयात छापला गेला. मुखपृष्ठावरील मजकूर पोर्तुगीज भाषेत आहे. इन्क्विझिशनच्या परवानगीने छापल्याची नोंद आहे आणि कर्त्याच्या नावापुढे इंग्रज असा शब्द आहे. गोव्यात सदतीस वर्षे काढल्यानंतर आणि जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या लिहिल्यानंतरही मुखपृष्ठावर ते इंग्रजच राहिले! ही ओळख त्यांनी स्वतः मिरविली की छापणाऱ्यांनी चिकटविली, हा तर्काचा विषय आहे. आमच्या मते त्यांना तिचे ओझे वाटले नसावे. मुखपृष्ठ उलटले की आतील प्रत्येक ओळ मराठी होती.

ती ओळ मराठी असली तरी अक्षरे मात्र रोमन होती. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, परंतु देशी लिपीचे खिळे नव्हते. ते पाडून घेण्याची अनुमती स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहून संघाचे मुख्याधिपती फादर क्लॉडियो आक्वाव्हिवा यांच्याकडे मागितली होती. कुंकळ्ळीस मारले गेलेले फादर रुदोल्फ हे या मुख्याधिपतींचे पुतणे. जोडाक्षरांमुळे देशी लिपीला शेकडो निरनिराळे खिळे लागतात, ते कमी करून सुमारे दोनशेंत भागविता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. ते काम झाले नाही. अखेर मराठी उच्चारांसाठी रोमन अक्षरांचीच एक पद्धत बसवून ग्रंथ छापावा लागला.

१६१९ साली स्टीफन्स यांचे निधन झाले. त्यांचे कोकणी प्रश्नोत्तर-धर्मशिक्षण १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथेच छापले गेले. भारतीय भाषेचे छापून प्रसिद्ध झालेले ते अगदी आरंभीचे व्याकरण होय. मराठी आणि कोकणी यांचा वाद गोव्यात पुढे फार तीव्र झाला आणि दोन्ही पक्षांनी स्टीफन्स यांना आपापले मानले. एका परदेशी माणसावर दोन भाषांनी हक्क सांगावा, याहून मोठे नागरिकत्व आम्हांस ठाऊक नाही. पर्वरी येथील येशूसंघाच्या कोकणी संशोधन संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

त्यांच्यामागून इतरही त्याच वाटेने गेले. एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच धर्मगुरूंनी संत पेत्रावर मराठी पुराण रचले. 'क्रिस्तपुराणा'च्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. पण नंतर वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि देशी भाषा बोलणे सोडून द्यावे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने लग्नसमारंभातील देशी गाणी व वाद्ये, जुने आचार यांवर बंदी घातली. लग्न करायचे तर पोर्तुगीज आली पाहिजे, असाही दंडक धर्माधिकाऱ्यांनी १७४५ मध्ये लावला. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स यांनी कार्य केले, त्याच सत्तेने त्यांच्या कार्याची मुळे उपटली. बाहेरून आलेला मनुष्य मराठीत मिसळला होता. आता मराठी-कोकणी माणसाने बाहेरून आलेल्यांत मिसळावे, अशी आज्ञा झाली आणि मिसळणे या एकाच शब्दाचा अर्थ उलटा झाला. ख्रिस्ती माणसाच्या नावाआडनावाकडे पाहून आज जो प्रश्न विचारला जातो, त्याचे मूळ या आज्ञांत आहे, स्टीफन्स यांच्या ओव्यांत नाही. हे आपण स्वतःही नीट समजून घ्यावे आणि दुसऱ्यालाही न रागावता सांगावे.

तरी आज्ञा काढून भाषा मरत नाही. करांचा जाच, दुष्काळ, लढाया आणि इन्क्विझिशनची धास्ती यांमुळे गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे कानडा प्रांतात, मंगळूरच्या बाजूस, जाऊन राहिली. ती तेथे परकी होती. शेजारी तुळू आणि कानडी बोलत. या कुटुंबांनी आपली कोकणी सोडली नाही आणि सामानात 'क्रिस्तपुराणा'ची हस्तलिखिते नेली. १७८४ साली उपवासकाळाच्या आरंभी टिपू सुलतानाने या ख्रिस्ती समाजाला श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले. १७९९ पर्यंत तो बंदिवास चालला. चर्च नव्हते आणि धर्मगुरूही नव्हते. त्या काळात या पुराणाच्या ओव्यांनी लोकांना आधार दिला, अशी मंगळूरच्या समाजाची परंपरा आहे. गोव्यातील छापील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. ग्रंथ वाचला तो या स्थलांतरितांच्या घरांत. तेथील हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून तो रोमन लिपीत पुन्हा छापला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, फादर कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये आली आणि फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठी गद्यात तो ग्रंथ आणला.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी त्यांच्या निवडीस आक्षेप घेतला होता. आजारी असतानाही ते संमेलनास गेले आणि त्यांनी आपले भाषण केले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

लंडनचा एक उल्लेख राहिला. विल्यम मार्सडेन नावाच्या इंग्रज विद्वानाने आपला पौर्वात्य हस्तलिखितांचा संग्रह १८३५ मध्ये तेथील किंग्ज कॉलेजला दिला आणि पुढे तो लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य अभ्यास संस्थेकडे आला. १९२० च्या दशकात डॉ. जस्टिन ॲबट यांना त्या संग्रहात 'क्रिस्तपुराणा'चे हस्तलिखित आढळले. थॉमस स्टीफन्स यांचे वडील ज्या शहरात व्यापार करीत, त्याच शहरात मुलाचा ग्रंथ येऊन राहिला होता. ते हस्तलिखित देवनागरी लिपीत आहे.